एका नळीतले दोन सा

गॉलवे शहरातल्या एका पबच्या कोपऱ्यात, रविवारच्या पावसाळी दुपारी, मी नवीकोरी लो व्हिसल घेऊन बसलो होतो आणि तिच्यावर मला एकही धून धड वाजवता येत नव्हती. पुण्यात बारा वर्षं बासरी शिकून मी आयर्लंडला गेलो होतो. तिथल्या सेशनमधल्या, म्हणजे पबमध्ये जमून वाजवायच्या बैठकीतल्या, पुष्कळ धुनी जी या सुरात, म्हणजे आपल्या पेटीवरच्या पांढरी पाचात असतात, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी जीची व्हिसल मागवली. आपल्याकडे पांढरी पाचात वाजवायचं तर पांढरी पाचचीच बासरी घेतात, त्याच हिशेबाने.

जीमधली एक जिग, म्हणजे नाचाची धून, सुरू झाली. मी सवयीने वरची तीन भोकं झाकून सा धरला आणि निघाला सी, म्हणजे पांढरी एक. शेजारच्या लाकडी बासरीवाल्या आजोबांनी मान वळवून पाहिलं. मी चाचपडत सहाही भोकं झाकली, तेव्हा जी मिळाला. तिथून धून धरली, तर दुसऱ्याच ओळीत ती जीच्या खाली उतरली आणि माझी नळी तिथे संपली. धून थांबल्यावर आजोबांनी पिशवीतून दुसरी, बरीच लांब नळी काढली. ‘ही धर, बोटं तीच ठेव,’ म्हणाले. तिच्यावर मी पुन्हा वरची तीन भोकं झाकली आणि हवा तो जी आला. ती नळी डीची होती.

आयरिश व्हिसल कुठल्या सुराची घ्यावी आणि ती कशी वाजवावी, हे सगळं प्रकरण या एका घटनेत आहे. ते सावकाश उलगडून पाहू.

व्हिसलला सहा भोकं असतात आणि त्यातून बोटांनी मिळणारं सप्तक आपल्या बासरीसारखंच असतं. फरक एवढाच की ती उभी धरतात. फुंकर नेमक्या कोनात धारेवर आदळावी याची काळजी ओठांना घ्यावी लागत नाही, कारण तोंडाशी बसवलेल्या ठोकळ्यातली अरुंद फट ते काम करते. खरा घोटाळा होतो तो नावात. आपण बासरीचं नाव सा वरून ठेवतो, आणि सा म्हणजे वरची तीन भोकं झाकून निघणारा सूर. सहाही झाकली की मंद्र पंचम. आयरिश माणूस व्हिसलचं नाव ठेवतो ते सहाही भोकं झाकून निघणाऱ्या सर्वांत खालच्या सुरावरून. डीची व्हिसल म्हणजे जिचा तळ डी. खालून एकेक बोट उचलत गेलं की डी, ई, एफ शार्प, जी, ए, बी आणि सगळी भोकं उघडी टाकली की सी शार्प. आता हीच नळी बासरीवाल्याच्या नजरेने बघा: तळाला पंचम, मग धैवत, निषाद, तीन बोटांवर सा म्हणजे जी, पुढे रे, ग, आणि सगळं उघडं टाकल्यावर तीव्र मध्यम. डीची व्हिसल म्हणजे आपली पांढरी पाचची बासरी.

म्हणजे या नळीत दोन सा नांदतात. तळच्या डीला सा मानलं तर शुद्ध सुरांचं सप्तक सरळ मिळतं. तीन बोटांवरच्या जीला सा मानलं तरी शुद्ध सप्तक मिळतं, फक्त सी शार्पऐवजी साधा सी लागतो, म्हणजेच तीव्र मध्यमाऐवजी शुद्ध मध्यम. आपण तो वरचं भोक अर्धं उघडून काढतो. व्हिसलवाले वरचं भोक उघडं ठेवून त्याच्या खालची दोन झाकतात. आयरिश वादनातल्या सुरांच्या अदलाबदलीची सगळी व्यवस्था या दोन षड्जांवर उभी आहे.

‘लो’ हा शब्द व्हिसलला उशिरा चिकटला. साधी, हातभर सुद्धा नसलेली पत्र्याची व्हिसल जुनी. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या रॉबर्ट क्लार्कने १८४३ पासून ती विकायला सुरुवात केली. लो व्हिसल मात्र १९७१ सालची, आणि तिच्या जन्मकथेत एक हिंदुस्थानी नळी आहे. फिन्बर फ्युरी या आयरिश पायपरकडे भारतातून आलेली बांबूची एक व्हिसल होती, त्याच्या फार आवडीची. दौऱ्यावर असताना ती मोडली. बर्नार्ड ओव्हरटन या इंग्रज वाद्य-कारागिराने ती सांधायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा त्याने तिच्यासारखी अ‍ॅल्युमिनियमची बनवली. पहिली ए च्या जरा खाली उतरली, पुढे फ्युरीसाठी जीच्या बनवल्या, आणि मग डीची, साध्या व्हिसलच्या बरोबर एक सप्तक खाली. एका मोडलेल्या बांबूच्या जागी घडवलेली ही वस्तू आज आयर्लंडचा आवाज म्हणून जगभर ओळखली जाते. मूव्हिंग हार्ट्स या बँडमधल्या डेव्ही स्पिलेनने आणि नंतर ‘रिव्हरडान्स’ या नृत्य-कार्यक्रमाने ती घराघरांत नेली. साधारण जीपासून खालच्या व्हिसलला लो म्हणायची पद्धत आहे.

लांबीचा हिशेब घरबसल्या करता येतो. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. लो डीचा तळचा सूर सेकंदाला २९४ कंपनांचा, म्हणजे एक लहर सुमारे ११७ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंनी मोकळ्या नळीत लहरीची निम्मी लांबी मावते, म्हणजे ५८ सेंटिमीटर. प्रत्यक्षात टोकापलीकडची थोडी हवाही कंप पावते, त्यामुळे बोलती नळी जराशी आखूड असते, पण अंदाज चुकत नाही. लो एफ त्याच हिशेबाने ४९ च्या आसपास, लो जी ४४ च्या, आणि लो सी पासष्टीच्या घरात जाते. नळी लांबली की भोकंही त्याच प्रमाणात लांब-लांब जातात. छोट्या डी व्हिसलवर बोटं शेजारी-शेजारी बसतात. लो डीवर तीच अंतरं जवळजवळ दुप्पट होतात.

इथे कारागीर थोडी मदत करतो. भोक लहान केलं की तोच सूर तोंडाच्या बाजूला सरकवता येतो, म्हणजे बोटांचा ताण कमी होतो. मात्र लहान भोकातला सूर जरा झाकोळतो, दबका येतो. उघडा, मोठा आवाज हवा असेल तर भोकं मोठी हवीत आणि मग हात ताणावे लागतात. प्रत्येक कारागीर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी थांबतो, म्हणून एकाच सुराच्या दोन लो व्हिसल हातात अगदी निराळ्या लागतात.

ताणाचं दुसरं उत्तर वादकाच्या हातात आहे. बोटांच्या टोकांनी भोकं झाकायची नाहीत. बोटं सपाट, सैल ठेवायची आणि मधल्या पेरांच्या मांसल भागाने झाकायची. इलन पाइप्स हे आयरिश मशकवाद्य वाजवणारे पिढ्यान् पिढ्या असंच धरतात, म्हणून या पद्धतीला पायपरची पकड म्हणतात. मोठी बासरी वाजवणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. माझं तेवढं एक काम त्या दिवशी सोपं होतं.

सेशनमध्ये डीलाच एवढं महत्त्व का? कारण सेशन डीभोवती वाढलं आहे. फिडलच्या तारा जी, डी, ए, ई अशा लागतात, त्या सुरांच्या जवळच्या धुनींमध्ये मोकळ्या तारा घुमतात. जुन्या लाकडी बासरीचा तळ डी. एकोणिसाव्या शतकात चाव्यांची नवी धातूची बासरी आली, तेव्हा या लाकडी बासऱ्या स्वस्तात लोकांच्या हाती आल्या आणि खेड्यापाड्यांत रुजल्या. डीतले आजचे मोठ्या आवाजाचे पाइप्स फिलाडेल्फियातल्या टेलर बंधूंनी रूढ केले. त्याआधीचे पाइप्स सीचे, बीचे, खालच्या सुरांतले असत. त्यांचा घुमटातल्यासारखा मंद आवाज आवडणारे आजही पुष्कळ आहेत. अशा पाइप्ससोबत वाजवायचं असेल तर डीची व्हिसल कामाची नाही, त्याच सुराची काढावी लागते.

आता मुख्य गणित. आयरिश धुनी फक्त शुद्ध सप्तकात नसतात. काही आपल्या खमाज थाटाच्या, म्हणजे कोमल निषादाच्या. बऱ्याच काफीच्या, कोमल ग आणि नी घेऊन. काही आसावरीच्या, त्यात धैवतही कोमल. राग म्हणून नव्हे, थाटातल्या सुरांपुरतंच हे साम्य, पण मनात बसायला फार सोयीचं. डीच्या नळीवर सी शार्प ठेवून वाजवलं तर डीवर घर केलेला बिलावल मिळतो, ईवर काफी, एवर खमाज, बीवर आसावरी. साधा सी घेतला की जीवर बिलावल, एवर काफी, डीवर खमाज, ईवर आसावरी. एका नळीत आठ घरं. सेशनमधल्या बहुतांश धुनी या आठांतच बसतात, म्हणूनच एका डी व्हिसलवर माणूस आयुष्यभर समाधानाने वाजवू शकतो.

हेच नियम नळीचं नाव सोडून, नुसत्या क्रमाने लक्षात ठेवले की कुठलीही व्हिसल हाताशी येते. धून बिलावलची असेल तर तिचं घर नळीच्या पहिल्या किंवा चौथ्या सुरावर बसवायचं. खमाजची असेल तर पाचव्या किंवा पहिल्या, काफीची दुसऱ्या किंवा पाचव्या, आसावरीची सहाव्या किंवा दुसऱ्या सुरावर. प्रत्येक जोडीतल्या पहिल्या पर्यायात वरचं बोट मोकळं राहतं, दुसऱ्यात ती साध्या सीची उलटसुलट बोटं लागतात.

एक उदाहरण घेऊ. फिडलवाली म्हणते, पुढची रील, म्हणजे वेगवान नाचाची धून, एमध्ये, शुद्ध सुरांची. डीच्या व्हिसलवर जी शार्प सरळ मिळत नाही, भोक अर्धं झाकून चोरावा लागतो, आणि रीलच्या वेगात ते फार कमी लोकांना स्वच्छ जमतं. मग घर पहिल्या सुरावर असेल अशी नळी कोणती? एची. चौथ्या सुरावर ए असेल अशी? ईची. दोन्ही चालतील. निवड करायची ती धून घराच्या खाली किती उतरते ते पाहून. घराच्या खाली उतरत नसेल तर एची हलकी आणि सोपी. पंचमापर्यंत खाली जात असेल तर ई, कारण तिच्यावर घराखाली आणखी तीन सूर शिल्लक असतात. माझी जीची नळी पबमध्ये हरली ती याच कारणाने. घर तळाला होतं आणि धुनीला तळघर हवं होतं.

ही घराखालची जागा आयरिश धुनींमध्ये फार मोलाची असते, याचं एक ठळक कारण आहे. काफी आणि खमाज घडणीच्या धुनी घरावरून एक पायरी खाली उतरतात आणि तिथे ठिय्या देऊन परत येतात. हेलकावा घर आणि खालची पायरी यांच्यातला असतो. ‘कूलीज रील’ घ्या. गॉलवे परगण्यातला अ‍ॅकॉर्डियनवादक जो कूली याच्या नावाने ही रील सगळीकडे ओळखली जाते. तिचं घर ई, घडण काफीची. पहिली ओळ ई आणि वरच्या बी या दोन सुरांना धरून झुलते. मग दुसऱ्या ओळीत सगळा भार एकदम डीवर येतो, व्हिसलच्या अगदी तळावर. वरचे सूर एकेक करून बदलत राहतात आणि प्रत्येक वेळी मध्ये तळचा डी वाजतो. सहाही बोटं झाकलेली, नळी पोटातून बोलते, आणि तिथून पुन्हा ईवर चढायचं. डीची नळी या धुनीसाठी घडवल्यासारखी वाटते. घर दुसऱ्या सुरावर, खालची पायरी पहिल्यावर, त्याखाली काही लागत नाही.

आता कुणी हीच रील गायकाच्या सोयीसाठी किंवा दुसऱ्या रंगासाठी जीमध्ये, म्हणजे पांढरी पाचाच्या काफीत मागितली, तर काफीचं घर दुसऱ्या सुरावर असलेली नळी शोधायची. दुसरा सूर जी, म्हणजे पहिला एफ. लो एफ उचला आणि बोटं तीच ठेवा. लो सीही चालेल, तिच्यावर जी पाचवा येतो, पण तिथे प्रत्येक वेळी वरचा सूर उलटसुलट बोटांनी काढावा लागेल आणि तळचा ठिय्या तळावर पडणार नाही. सूर सगळे मिळतील, ती धून मात्र मिळणार नाही, असं माझं मत. शिकाऊ माणूस सूर मिळाले की समाधान मानतो. जुना वादक धुनीचा भार कुठल्या बोटावर पडतो ते आधी बघतो.

याचं कारण अलंकारांत आहे. आयरिश वादनातले खास अलंकार सुरांपेक्षा बोटांचे असतात. कट म्हणजे वरचं एखादं बोट विजेसारखं उचलून टाकणं, इतकं झटकन की कानाला वेगळा सूर ऐकू न येता नुसता ठसका यावा. आपल्या कणापेक्षा हा फार कोरडा असतो. टॅप म्हणजे खालच्या उघड्या भोकावर बोट आपटून उचलणं. एकच सूर तीनदा, मध्ये एक कट आणि एक टॅप, सगळं एका लयीत गुंडाळलं की होतो रोल. जीवर, तीन बोटांवर, रोल फार सुंदर लागतो. टॅपसाठी मात्र सुराखाली एक तरी भोक उघडं हवं. तळच्या डीवर सगळी भोकं झाकलेलीच असतात, मग टॅप कशाला द्यायचा? म्हणून तिथे पाइप्सवरून उसना घेतलेला क्रॅन वाजवतात: वेगवेगळ्या बोटांचे लागोपाठ दोन-तीन कट, सूर तोच. नळी बदलून घराची जागा बदलली की रोलच्या जागी क्रॅन येतो, क्रॅनच्या जागी रोल, आणि धुनीची चाल बदलते. फिडलवालीला जाणवणारही नाही, शेजारच्या पायपरला लगेच जाणवेल.

संथ धुनींमध्ये हा विचार वेगळा होतो. लो व्हिसल खरी उमलते ती इथेच. टॉमस वॉल्श यांचं ‘इनिशीर’ हे वॉल्ट्झ गॉलवेच्या उपसागरातल्या सगळ्यांत छोट्या अरन बेटाच्या नावाचं आहे. ते जीमध्ये, डीच्या नळीवर वाजवतात. धून गंधारावर रेंगाळते, मग खालच्या धैवतावर उतरते, आणि पुढच्या वळणाला आणखी एक पायरी उतरून मंद्र पंचमावर, म्हणजे नळीच्या तळावर येते. त्या दोन खालच्या सुरांसाठीच लोक लो डी घेतात. तिथे जोर लावून चालत नाही. जोरात फुंकलं की तळचा सूर फुटून वरच्या सप्तकात उडी मारतो. फुंकर थंड काचेवर वाफ धरावी तशी सोडायची आणि सूर भरायला थोडा वेळ द्यायचा. पुढचा सूर येण्याआधी मधलं बोट हळूच सरकवत उचललं की जी सरकन तयार होते तिला आपण मींड म्हणू. तिथे स्लाइड म्हणतात.

हेच ‘इनिशीर’ एखादीला एफमध्ये गुणगुणायचं असेल तर बिलावलचं घर चौथ्या सुरावर एफ येईल अशी नळी, म्हणजे लो सी. बोटं जशीच्या तशी, मंद्र पंचम तळावरच. नळी मात्र आणखी सात-आठ सेंटिमीटर लांब, श्वास आणखी जास्त लागणार, आणि एका श्वासात बसणारी ओळ आता बसेलच असं नाही. श्वास कुठे घ्यायचा याचा नकाशा नळीगणिक बदलतो. तिथले वादक श्वासासाठी धुनीतला एखादा कमी महत्त्वाचा सूर सोडून देतात. तो कुठला सोडायचा हे ऐकून ऐकूनच कळतं. मी आधी ओळीच्या शेवटी श्वास घ्यायचो आणि प्रत्येक ओळ तुटल्यासारखी व्हायची. ओळीच्या मध्येच कुठेतरी एक सूर गाळून घेतला की वर्तुळ मोडत नाही.

साध्या सीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण नळी बदलली की पहिली फजिती तिथे होते. वरचं मोकळं आणि खालची दोन झाकलेली ही बोटं छोट्या डी व्हिसलवर बरोबर लागतात. लो व्हिसलवर तो सूर अनेकदा थोडा चढा निघतो. मग चौथं भोकही झाकून, त्याखालचं एक सोडून, सगळ्यात खालचं झाकायचं असे उपाय करतात. कुठली जुळणी बरोबर ते नळी सांगते, पुस्तक नव्हे. आणि जुन्या पायपरांच्या वादनात हा सूर मुद्दाम सी आणि सी शार्पच्या मधोमध कुठेतरी ठेवलेला ऐकू येतो. पेटीवर तो नाही. श्रुतींची सवय असलेल्या कानाला तो लगेच आपलासा वाटतो. लो एफवर हाच सूर ई फ्लॅट आणि ईच्या मध्ये पडतो, लो जीवर एफ आणि एफ शार्पच्या मध्ये. बोटांचं नातं तेच, म्हणून तो गोडवा नळीबरोबर सुरासुरांतून फिरतो. आठ नळ्या का बाळगाव्यात असं कुणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर हे असतं. पेटीवर सूर बदलता येतो, हा मधला सूर तिथे नेता येत नाही.

बऱ्याच व्हिसलना तोंडाजवळ सरकता सांधा असतो. नवखा विचारतो, सांधा बाहेर ओढून डीची सी का करता येऊ नये? करता येत नाही, याचं कारण मापात आहे. लो डीवर सांधा एक सेंटिमीटर ओढला तर तळचा डी अर्ध्या सुराच्या शंभर भागांपैकी तीसेक भाग उतरतो. वरचा सी शार्प मात्र पन्नास-पंचावन्न भाग उतरतो, कारण त्या सुराला बोलणारी नळीच मुळात निम्मी असते आणि तेवढंच सेंटिमीटर तिला दुप्पट जड जातं. जरा जास्त ओढलं की नळी स्वतःशीच बेसूर होते. सांधा इतरांशी बारीक जुळवून घेण्यापुरता.

थंडी मात्र खरा शत्रू. नळीतल्या हवेचं तापमान एक डिग्री बदललं की सूर त्या शंभरातले जवळजवळ तीन भाग सरकतो. गारठ्यातून आलेली अ‍ॅल्युमिनियमची नळी थेट सुरात लागतच नाही. म्हणून आयर्लंडमध्ये व्हिसलवाला आत आल्या आल्या नळी बाहीत किंवा काखेत घालून बसतो. नळ्या अनेक असतील तर आणखी पंचाईत, कारण एक वाजत असताना बाकीच्या टेबलावर थंड होत असतात. मंचावर पाहा, फ्लुक या बँडचा ब्रायन फिनेगन किंवा लुनासा या बँडचा केविन क्रॉफर्ड यांच्यासारख्या मंडळींना एका कार्यक्रमात कितीतरी नळ्या लागतात, आणि पुढच्या धुनीची नळी आधीपासून ऊबेत ठेवणं हा त्या कामाचाच भाग आहे. थंड नळीत श्वासातली वाफ धरून फट तुंबते, आवाज घोगरा होतो. धारेवरच्या खिडकीवर बोट आडवं धरून एक जोराची फुंकर मारली की पाणी निघून जातं. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पाण्यात मिसळून फटीतून फिरवला आणि वाळू दिला तर पाण्याचे मणी धरत नाहीत. हा घरगुती उपाय सगळेच करतात आणि तो चालतो.

कोणती नळी कधी घ्यावी, यावर माझं मत ठाम आहे. आधी छोटी डी, आठ घरं पाठ होईपर्यंत. मग लो डीवर उडी न मारता लो जी किंवा लो एफ. हात आणि श्वास दोन्ही त्यांच्यावर तयार होतात, आणि ‘बोटं तीच, सूर दुसरे’ याची सवयही लागते. त्यानंतर लो डी. नंतरच्या नळ्या, सी, ए, ई फ्लॅट, गरज पडेल तशा, ज्या लोकांसोबत वाजवता त्यांच्याकडे बघून. बासरी वाजवणाऱ्या मराठी माणसाला एकच जादा सूचना. नळी मागवताना मनातला सा सांगू नका, त्याच्या खालचा पंचम सांगा. पांढरी पाच हवी असेल तर डी मागा, पांढरी एक हवी असेल तर जी मागा. काळी दोनचा गळा असेल, म्हणजे ई फ्लॅटचा, तर बी फ्लॅट.

त्या पबमध्ये मी पुढे दोन हिवाळे गेलो. जीची नळी टाकून दिली नाही. एकदा कुणीतरी सीमध्ये एक संथ धून सुरू केली, आणि सी म्हणजे जीच्या नळीवरचा चौथा सूर, वरची तीन बोटं, माझा जुना सा. खाली पंचमापर्यंत सगळं मोकळं होतं. आजोबांनी आपली बासरी मांडीवर ठेवली, माझ्या नळीकडे बोट दाखवलं आणि ऐकत बसले.